कोडं आम्हाला सोडवू द्या, अक्षरं तेवढी मोठी करा

गेम घडवणाऱ्या डिझायनर, लेखक, प्रोग्रॅमर आणि टेस्टर मंडळींना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या महिन्यात मी एक मोठा, गाजलेला गेम खेळत होते. नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते त्या एकट्या गेमबद्दल नाही. एका पडक्या किल्ल्याच्या तळघरात पोचले. समोर बंद दरवाजा, डावीकडे पाण्याची धार, वर एक लाकडी चाक. पाणी कुठून येतंय ते बघावं म्हणून कॅमेरा वर वळवला, तेवढ्यात माझ्यासोबत चालणारं पात्र म्हणालं, ‘पाणी अडवलं तर चाक थांबेल.’ मी चाक अजून नीट पाहिलंही नव्हतं. सांगितलं तसं केलं, दरवाजा उघडला, आत गेले. मनात काहीच हललं नाही. आपण शब्दकोड्याचा पहिला आडवा शब्द वाचत असताना मागून कुणीतरी उत्तर सांगून टाकावं, तसं झालं.

आत एका पेटीत एक पत्र होतं. एका आईने मुलीला लिहिलेलं. आतापर्यंतच्या कथेवरून मला कळत होतं की हे पत्र महत्त्वाचं आहे आणि कुणीतरी ते फार मन लावून लिहिलं आहे. पण अक्षरं मुंगीएवढी, तीही करड्या कागदावर तपकिरी. मी उठले, टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले, डोळे बारीक करून दोन ओळी वाचल्या आणि सोडून दिलं. सेटिंग्जमध्ये शोधलं. संवादाच्या पट्टीचं अक्षर मोठं करता येत होतं, पण पत्रांचं, वह्यांचं, वस्तूंच्या माहितीचं नाही.

एकाच संध्याकाळी, एकाच गेमने मला न विचारता उत्तर सांगितलं आणि जे वाचायचं होतं ते वाचू दिलं नाही. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून हे पत्र. तुमची मदत करण्याची इच्छा खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण ती चुकीच्या जागी पोचते आहे. जिथे आमचं डोकं चालायला हवं तिथे तुम्ही धावून येता. आणि जिथे आमचे डोळे, मनगट आणि वेळ कमी पडतो तिथे मात्र ‘हा गेम असाच खेळायचा असतो’ म्हणता.

डोकं चालवू देणं म्हणजे काय, ते मला अलीकडे ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ने दाखवलं. लुकास पोप यांचा हा गेम २०१८ मधला, मी फार उशिरा खेळले. साल १८०७. बेपत्ता झालेलं एक व्यापारी जहाज माणसांशिवाय परत आलं आहे आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीकडून आलेले विमा निरीक्षक आहात. जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते शोधायचं. हातात एक घड्याळ. प्रेताजवळ ते उघडलं की त्या माणसाच्या शेवटच्या क्षणातले आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेल्या चित्रासारखा समोर उभा राहतो. त्यात फिरायचं, बघायचं आणि वहीत लिहायचं: हा कोण, कशाने गेला, कुणी मारलं. बाण नाहीत, चमकणाऱ्या वस्तू नाहीत, आणि सगळं चित्र काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं.

एका दृश्यात खलाशी टांगत्या बिछान्यांत झोपलेले आहेत. मी तिथून पाच-सहा वेळा गेले होते, दरवेळी मेलेल्या माणसाकडेच बघत. एका रात्री सहज मान वळवली आणि दिसलं की बिछान्यांवर आकडे आहेत. मग आठवलं, वहीतल्या खलाशांच्या यादीतही प्रत्येक नावापुढे आकडा आहे. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. घरात सगळे झोपले होते, सांगायला कुणी नव्हतं. ज्यांनी तो गेम अजून खेळलेला नाही त्यांची मी मनापासून माफी मागते, एवढं एकच फोडलं आहे. पण हे सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पोचलं नसतं. तो आकडा कुणी माझ्यासाठी पिवळ्या रंगाने गिरवला नव्हता. पहिल्या फेरीतच तो तिथे होता. बदलली होती फक्त माझी नजर.

आणि हा गेम निर्दयी अजिबात नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. वहीतल्या चित्रात माणसाचा चेहरा आधी पुसट असतो. त्याला ओळखण्याइतका पुरावा तुमच्यासमोर येऊन गेला की तो स्वच्छ होतो. म्हणजे ‘उत्तर तुझ्याकडे आलंय, आता विचार कर’ असं तो सांगतो, उत्तर सांगत नाही. तीन माणसांची नोंद बरोबर झाली की त्या तिघांवर एकदम शिक्कामोर्तब होतं, त्यामुळे चाचपडत ठोकून दिलेले अंदाज फारसे चालत नाहीत आणि साठ जणांचं ओझंही एकदम डोक्यावर येत नाही. किती विचार करून ठेवलेली मदत आहे ही!

‘आउटर वाइल्ड्स’चंही तसंच. २०१९ चा हा गेम. छोटंसं सूर्यमंडळ, एक लाकडी यान, आणि दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून. शस्त्रं मिळत नाहीत, ताकद वाढत नाही, लेव्हल नाही. तुम्ही सोबत नेता ते फक्त तुम्हाला कळलेलं. ज्या दाराशी मी तीन संध्याकाळी अडले होते ते पहिल्या मिनिटापासून उघडण्यासारखं होतं, मला माहीत नव्हतं इतकंच. यानातल्या नोंदवहीत आपण पाहिलेल्या गोष्टींचं जाळं तयार होत जातं आणि एखाद्या जागी काही पाहायचं राहिलं असेल तर ‘इथे अजून काही आहे’ एवढीच खूण दिसते. काय आहे आणि कसं पोचायचं, ते आपलं आपण शोधायचं.

आता त्याच गेमच्या सेटिंग्जमधली एक गोष्ट बघा. वाचत असताना वेळ थांबवायची सोय आहे. ज्या गेमचा प्राणच पळत्या घड्याळात आहे, त्याने हळू वाचणाऱ्यांसाठी घड्याळ थांबवलं! कोड्याला धक्का नाही, गूढ जसंच्या तसं, पण वाचायचा वेग हा परीक्षेचा विषय नाही हे बनवणाऱ्यांनी ओळखलं. मला हवी ती रेघ नेमकी इथे ओढलेली दिसते.

२०२५ च्या ‘ब्लू प्रिन्स’ने मला पुन्हा कागद-पेन्सिल घ्यायला लावली. पंचेचाळीस खोल्यांचं घर, त्यात सेहेचाळिसावी शोधायची. दार उघडताना पुढची खोली तीन पर्यायांतून आपणच निवडायची आणि दुसऱ्या दिवशी घराची मांडणी पुन्हा कोरी. माझी वही बाणांनी, खाडाखोडीने आणि ‘हे कशाला?’ अशा शेऱ्यांनी भरली. काही वेळा हवी ती खोली दिवसेंदिवस आलीच नाही तेव्हा वैताग आला, तो नशिबाचा भाग मला थोडा कमी चालला असता. पण वही मी जपून ठेवली आहे. बाण दाखवणाऱ्या गेमची कुठलीही खूण माझ्याजवळ अशी उरलेली नाही.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. पूर्वी चित्रात चार वस्तू असायच्या, त्यातली एक शिडी असायची. आता एका भिंतीत हजार दगड, वेली, भेगा, सावल्या. त्यातली नेमकी कुठली कपार पकडता येते ते बघणाऱ्याला कळणार कसं? टेस्टिंगला बसलेला माणूस वीस मिनिटं तिथेच घुटमळतो, तुम्ही काचेमागून बघत कासावीस होता आणि शेवटी कडेवर पिवळा रंग फासता. २०२३ मध्ये नव्याने आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये पेट्यांवर, शिड्यांवर तो होता. २०२४ च्या सुरुवातीला ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’चा डेमो आला तेव्हा कड्यांवरच्या पिवळ्या रंगावरून खेळाडूंत जोरदार भांडण झालं. मी त्या भांडणात कुठल्याच बाजूला पूर्ण नव्हते. रंग दिसला की जग खोटं वाटतं हे खरं, आणि ज्याला रंगाशिवाय कड दिसतच नाही त्याच्यासाठी तो रंग म्हणजे दार आहे, हेही तितकंच खरं.

पण यावरचा उपाय नवा शोधायची गरजच नाही. २०१८ च्या ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’मध्ये लढाई, भटकंती आणि कोडी यांची अवघडपणाची पातळी वेगवेगळी ठरवता येत होती. ज्याला मारामारी जमत नाही पण कोडी हवीत त्याने लढाई सोपी करावी, कोडी अवघड ठेवावीत. भटकंती अवघड केली की कड्यांवरचा पांढरा रंग निघून जायचा. आज इतक्या वर्षांनंतरही बहुतेक गेम मला सुरुवातीला एकच प्रश्न विचारतात, ‘सोपं, मध्यम की अवघड?’ माझी बोटं मंद आहेत आणि कुतूहल तीव्र आहे. या एका प्रश्नाला मी काय उत्तर देऊ? ‘सोपं’ घेतलं की शत्रू मऊ होतो आणि त्याच्यासोबत सोबती बडबडा होतो.

दिशा दाखवायलाही माझी हरकत नाही, ती जगाच्या आतून दाखवा. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ने २०२० मध्ये मिनीमॅपऐवजी वारा दिला. टचपॅडवर बोट फिरवायचं, गवत एका बाजूला झुकतं, पानं उडतात, तिकडे जायचं. डोळे कोपऱ्यातल्या गोल नकाशावर न खिळता शेतावर, आभाळावर राहतात. आणि विचारल्याशिवाय तो वारा बोट दाखवत नाही. ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’मधल्या वाटांना तर मिनीमॅपच नाही. मी दोनदा उलटी फिरून सुरुवातीला आले आणि त्यातच एका खडकामागे असा एक कोपरा सापडला की वाट चुकले याचा आनंद झाला.

सोबत्यांच्या बडबडीबद्दल एक गोष्ट तुमच्या श्रेयाची. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ आला तेव्हा नायिका वारंवार स्वतःशीच बोलते अशी ओरड झाली, आणि बनवणाऱ्यांनी पॅच, म्हणजे गेम आल्यानंतर पाठवलेली दुरुस्ती, काढून तिचं काही बोलणं कमी केलं. म्हणजे हे करता येतं. मग सुरुवातीपासूनच एक सरकपट्टी का नको? सोबत्याने किती वेळाने सुचवावं: लगेच, दोन मिनिटांनी, की मी विचारल्यावरच. माझी निवड तिसरी. थकलेल्या दिवशी कदाचित दुसरी.

आता दुसऱ्या बाजूकडे येते. इथे माझ्या जिव्हाळ्याचा भाग जास्त आहे, कारण माझं उजवं मनगट गेली दोन वर्षं दुखतं. टाइप करण्याने सुरू झालं, मग कंट्रोलर धरल्यावरही जाणवायला लागलं. अलीकडे एका गेममध्ये जड दरवाजा उचलायला एकच बटण भराभरा दाबायचं होतं. पहिल्यांदा केलं, दुसऱ्यांदा केलं, चौथ्या दरवाज्याला कंट्रोलर मांडीवर ठेवून डाव्या हाताच्या तर्जनीने टकटक केली आणि दरवाजा अर्ध्यावर येऊन खाली पडला. त्या दरवाज्यात कोडं नव्हतं, लढाई नव्हती, कथा नव्हती. फक्त माझं मनगट होतं. भराभर दाबण्याऐवजी बटण नुसतं धरून ठेवायची सोय २०१८ च्या ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’मध्ये होती. ती इथे न देऊन कुणाचं काय भलं झालं?

शरीराला मदत कशी करावी याचा सगळ्यात सुंदर धडा मला ‘सेलेस्ट’मध्ये मिळाला. डोंगर चढणाऱ्या मॅडलिनचा २०१८ मधला हा गेम अत्यंत अवघड म्हणून ओळखला जातो. पण आत डोकावून पाहा, तो किती मायाळू आहे! कडेवरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत उडी मारता येते. डोळ्याला वाटतं आपण अगदी कडेवरूनच उडालो. उडी मारताना डोकं कोपऱ्याला जरासं घासलं तर गेम मॅडलिनला हलकेच बाजूला सरकवतो आणि वर जाऊ देतो. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तरी ती उडी वाया जात नाही. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त वाटतं, ‘मला जमलं.’ आणि ते खोटं नसतं. उडी त्यानेच ठरवलेली असते, बोटाचा उशीर तेवढा माफ केलेला असतो.

त्यावर पुन्हा असिस्ट मोड आहे. गेमचा वेग कमी करा, दमसास अमर्याद करा, हवं तर मरणच बंद करा. मी वेग ऐंशी टक्क्यांवर ठेवून शिखरावर पोचले. मनगटाला मधे मधे विश्रांती देत, तीन आठवड्यांत. तरीही शेकडो वेळा पडले. शिखरावर गेल्यावर डोळे भरून आले, त्यात वीस टक्के कमी आले नाहीत.

‘हेडीस’मध्ये गॉड मोड सुरू केला की अंगावर येणारा मार सुरुवातीला वीस टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणानंतर आणखी दोन टक्क्यांनी, जास्तीत जास्त ऐंशीपर्यंत. हरत राहिलात तर गेम तुमच्याकडे हळूहळू सरकत येतो. कथा तीच, संवाद तेच, कुणी खाली बघत नाही. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये अशा सोयींच्या साठाहून जास्त सेटिंग्ज होत्या आणि अंध खेळाडूंनी तो गेम शेवटपर्यंत खेळला. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला आपल्या छंदाचा फार अभिमान वाटला.

सोयी दिल्या की खेळाची धार जाते, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आला आणि पहिल्याच पॅचमध्ये सुरुवातीचे दोन बॉस, म्हणजे वाट अडवणारे मोठे शत्रू, थोडे सोपे केले, तेव्हाही काही जण चिडले. मला तो गेम मनापासून आवडतो. त्यातला नकाशा विकत घ्यावा लागतो, वाट चुकायला पूर्ण मुभा आहे आणि हरल्यावर आपली चूक कुठे झाली ते स्पष्ट कळतं. हे सगळं तसंच राहावं. पण बटणाच्या वेगाची धार आणि शोधाची धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ज्याला हवी त्याने ठेवावी. दुसरी सगळ्यांना मिळावी.

आणि वेळ. माझा मुलगा लहान आहे, रात्री कधीही उठतो. मागे एका गेममध्ये दोन सेव्हच्या मधे चाळीस मिनिटं चालले होते, बॉस जवळ आला होता आणि आतून रडण्याचा आवाज आला. मी गेले. परत आले तेव्हा पात्र मेलेलं होतं, कारण तो गेम थांबवताच येत नव्हता. त्या रात्री मी चिडून तो डिलीट केला, आणि तो चांगला गेम होता. सगळीकडे हे शक्य नाही हे समजतं, दुसरे खेळाडू जोडलेले असतात. पण एकटीच खेळत असताना तरी थांबू द्या. ‘सेकिरो’ इतका कठोर गेम, त्यातही लढाईच्या मधे पॉज होतो आणि त्याची कठोरता तसूभरही कमी होत नाही. त्याच स्टुडिओच्या ‘एल्डन रिंग’ला साधं पॉजचं बटण नाही. सेव्हच्या जागा ठरावीक ठेवायच्या असतील तर ठेवा, पण बाहेर पडताना ‘आहे तिथून पुढे’ एवढी एक तात्पुरती नोंद करा, परत आल्यावर ती पुसून टाका. त्याने फसवणूक होत नाही, फक्त मूल झोपवता येतं.

तुमच्यातल्या कित्येकांना हे सगळं आधीच करायचं असतं आणि शेवटच्या महिन्यांच्या धावपळीत ते राहून जातं, हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच विनंती अशी, की हे शेवटासाठी ठेवू नका. पहिल्या कोड्याचा कागदावरचा आराखडा तयार होईल तेव्हाच विचारा, हे न सुचलं तर माणूस कुठे बघेल? आणि पहिलं पत्र लिहाल तेव्हा पाहा, हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतंय का?

किल्ल्याच्या तळघरातलं ते आईचं पत्र मी अजून पूर्ण वाचलेलं नाही. दुसऱ्या ओळीत तिने मुलीला कसली तरी आठवण करून दिली आहे, एवढंच कळलं. सेव्ह तसाच ठेवला आहे, पेटीसमोर. अक्षरं मोठी करणारा पॅच आला तर त्याच दिवशी परत जाईन.

आपली नम्र,
गेली पंचवीस वर्षं खेळणारी एक खेळाडू